मरुभूमीतील उंदराचे वृक्क आणि उदक-संतुलन

जांगल देशातील प्राणी अत्यल्प उदकावर कसे जगतात, हा विषय शारीराच्या अभ्यासकास बोधप्रद आहे. थर वाळवंटातील जर्बिल जातीच्या उंदरावर जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत ईश्वर प्रकाश व पुलक घोष यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. अमेरिकेतील कांगारू-उंदीर तर पाणी न पिता कोरड्या धान्यावर जगतो.

यातील मर्म वृक्काच्या रचनेत आहे. वृक्काच्या अंतर्भागात हेन्लेचा पाश खोल उतरून पुन्हा वर येतो. त्याची चढती भुजा लवण बाहेर टाकते, पाणी मात्र सोडत नाही. त्यामुळे भोवतालचा द्रव टोकाकडे उत्तरोत्तर तीव्र होतो. तेथून जाणाऱ्या संग्राहक नलिकांतील पाणी व्हॅसोप्रेसिनच्या प्रभावाने शरीरात परत खेचले जाते. या उंदरांत पाश फार लांब असतात. मनुष्याचे मूत्र सुमारे १२०० मिलिऑस्मोलपर्यंत तीव्र होते, कांगारू-उंदराचे ५००० च्या वर, तर ऑस्ट्रेलियातील नोटोमिस उंदराचे ९००० च्या वर.

पाणी येते कोठून? एक ग्रॅम मेदाच्या ज्वलनातून सुमारे १.०७ ग्रॅम व पिष्टातून ०.५६ ग्रॅम पाणी निर्माण होते. चरकाचार्यांनी वृक्क हे मेदोवह स्रोतसाचे मूल सांगितले, म्हणून येथे घाईने संबंध जोडण्याचा मोह होतो, तो टाळावा. ज्वलनासाठी श्वास लागतो आणि श्वासातून पाणी जाते. उंदराचे थंड नाक ते बव्हंशी राखते, म्हणूनच हिशेब जुळतो. सुश्रुतांनी बिलेशय प्राण्यांचे मांस मलमूत्र संहत करणारे सांगितले आहे. ते वर्णन मांस सेवन करणाऱ्याविषयी आहे, प्राण्याच्या मूत्राविषयी नव्हे, हेही ध्यानी असावे.

चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, मनुष्यास रोज सुमारे ६०० मिलिऑस्मोल द्रव्य मूत्रावाटे टाकावे लागते. निरोगी तरुणास त्यासाठी अर्धा लिटर मूत्र पुरते. वार्धक्याने तीव्रता ६०० वर आली, तर पूर्ण एक लिटर लागते. आमच्या वारजे परिसरात वैशाखात अनेक वृद्ध रात्री लघवीस उठावे लागते म्हणून दुपारपासूनच पाणी तोडतात. अशांना गोक्षुर, पुनर्नवा आदी मूत्रल द्रव्ये देण्यापूर्वी वैद्यांनी व औषधी विक्रेत्यांनीही दोन प्रश्न अवश्य विचारावेत: रक्तदाबासाठी मूत्रल गोळी चालू आहे काय, आणि दिवसभरात लघवी किती वेळा व कोणत्या रंगाची होते?