खतावणी माणसांची : ग्राहक-संबंध संगणकप्रणाली आणि तालुक्याचा कारभार

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीचा तडाखा धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुक्याला विशेष तीव्रतेने बसला. एरवी पावसाची वाट पाहणारा हा अवर्षणप्रवण मुलूख. परंतु सीना नदी आणि तिला मिळणारे ओढे-नाले एकाच वेळी पात्राबाहेर आले, गावे वेढली गेली, जनावरे दगावली आणि उभ्या पिकासह जमिनीही खरडून गेल्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल व हेलिकॉप्टर यांच्या साहाय्याने माणसे सुरक्षित स्थळी हलवावी लागली. पुढे ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा केली.

घोषणा आणि शेतकऱ्याचे बँक खाते यांच्या दरम्यान जो प्रवास घडतो, तो मात्र गावपातळीवरच्या कागदांतून घडतो. प्रथम पंचनामा होतो. त्यातील माहिती तालुक्याच्या ठिकाणी संगणकावर भरली जाते. प्रत्येक बाधित खातेदाराला एक विशिष्ट क्रमांक मिळतो. लोक त्यास ‘व्हीके नंबर’ म्हणतात. याद्या गावात लागतात, शेतकरी आपले सरकार सेवा केंद्रात जाऊन अंगठ्याद्वारे ओळख पटवितो आणि त्यानंतर आधारशी जोडलेल्या खात्यात रक्कम जमा होते. ही साखळी कागदावर निर्दोष आहे. तरीही प्रत्येक आपत्तीनंतर तहसील कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो : “माझे काय झाले?” या प्रश्नाचे उत्तर देण्यास आपली नोंदपद्धती कितपत समर्थ आहे, हे तपासण्यासाठी व्यापारी जगतातील एका साधनाचा परिचय करून घेणे उपयुक्त ठरेल.

रोजकीर्द आणि खतावणी

परंड्याच्या बाजारपेठेतील कोणताही जुना व्यापारी दोन वह्या ठेवीत असे. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार तारखेच्या क्रमाने उतरविले जात. खतावणीत तेच व्यवहार माणसागणिक, ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडले जात. एखादे गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर आले की व्यापारी खतावणीचे पान उघडी, आणि गेल्या दिवाळीपासूनचा सर्व व्यवहार त्याच्यापुढे येई. नुसत्या रोजकीर्दीवर दुकान चालविणे कोणासही शक्य झाले नसते.

शासकीय कार्यालयाची आवक-जावक नोंदवही ही वस्तुतः रोजकीर्द आहे. कोणता कागद कोणत्या तारखेस आला, कोणत्या मेजावर गेला, कधी निकाली निघाला हे ती उत्तम प्रकारे सांगते. कार्यविवरण नोंदवही आणि प्रतीक्षाधीन प्रकरणांचा गठ्ठा यांचा आधारही कागद हाच असतो. ही शिस्त कमी मोलाची नाही. शेजारच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात १९८०च्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी अभिलेखांची आणि कार्यालयाच्या मांडणीची जी पुनर्रचना केली, ती ‘लखिना पॅटर्न’ या नावाने राज्यभर ओळखली गेली. तिचा पायाही कागद वेळेवर सापडावा हाच होता. परंतु कार्यालयाच्या दाराशी कागद येत नाही, माणूस येतो. आणि त्या माणसाचे खाते आपल्यापाशी नसते.

एक उदाहरण कल्पून पाहू. सीनाकाठच्या एका गावातील कुटुंबाचा कर्ता पुरुष दोन वर्षांपूर्वी निवर्तला आहे. सातबारावर अद्याप त्याचेच नाव आहे, कारण वारस नोंदीचा फेरफार रखडला आहे. पुरात पीक गेले, त्याचा पंचनामा ग्राम महसूल अधिकाऱ्याने केला. घराची भिंत पडली, तिची नोंद ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे आहे. म्हैस दगावली, तिचा दाखला पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे. मुलाची पुस्तके भिजली, ते शाळेच्या मुख्याध्यापकांना ठाऊक आहे. यादी लागते तेव्हा तीत मृत व्यक्तीचे नाव येते. मृताचा अंगठा कोठून आणावा? रक्कम अडकून राहते. या प्रकरणात कोणत्याही मेजावर कागद हरवलेला नाही, कोणत्याही कर्मचाऱ्याने कसूर केलेली नाही. प्रत्येकाने आपापल्या कागदाचा निपटारा केला आहे. त्या घराची विधवा मात्र चार कार्यालयांच्या पायऱ्या झिजवीत आहे, कारण हे चारही कागद एकाच घराचे आहेत ही गोष्ट कोणत्याही एका नोंदवहीत लिहिलेली नाही.

साधनाचा परिचय

व्यापारी जगताने खतावणीची ही कल्पना संगणकावर नेली, तिला ग्राहक-संबंध व्यवस्थापन प्रणाली, अथवा आद्याक्षरांवरून ‘सीआरएम’, असे नाव आहे. १९८७ मध्ये ‘अ‍ॅक्ट’ या नावाची आज्ञावली अमेरिकेत आली; ती विक्रेत्याच्या हातातील पत्त्यांच्या वहीची जागा घेऊ लागली. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या सीबेल या कंपनीने मोठ्या उद्योगांसाठी अशा प्रणाली उभारल्या. १९९९ मध्ये सेल्सफोर्सने ही सेवा इंटरनेटवरून वर्गणीने देण्यास आरंभ केला, तेव्हा लहान दुकानदारासही ती परवडू लागली. आपल्या देशात चेन्नईच्या झोहो कंपनीने २००५ मध्ये आपली सीआरएम प्रणाली बाजारात आणली. तिच्या कामाचा काही भाग तामिळनाडूतील तेनकाशी जिल्ह्याच्या ग्रामीण परिसरातून चालतो, ही बाब तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आपल्या तरुणांनी लक्षात घेण्याजोगी आहे. मुंबईत २००८ मध्ये सुरू झालेल्या फ्रॅपे या कंपनीच्या प्रणाली तर मुक्तस्रोत आहेत. म्हणजे त्यांची आज्ञावली कोणासही पाहता येते, बदलता येते आणि स्वतःच्या संगणकावर बसविता येते. शासकीय वा सहकारी संस्थांच्या दृष्टीने हा गुण मोलाचा आहे, कारण माहिती परक्याच्या भांडारात ठेवावी लागत नाही.

प्रणाली कोणतीही असो, तिची रचना साधी असते. प्रत्येक व्यक्तीचे एक पान. त्यावर तिच्याशी झालेला प्रत्येक संपर्क, मग तो अर्जाने असो, दूरध्वनीने असो की प्रत्यक्ष भेटीने. त्यापुढे तीन रकाने : आता काय करावयाचे, कोणी करावयाचे आणि कोणत्या तारखेपर्यंत. ती तारीख उलटली की प्रणाली स्वतःहून आठवण देते. या तीन रकान्यांतच या साधनाचे सारे सामर्थ्य आहे. बाकीचे आलेख, रंगीत तक्ते वगैरे विक्रीच्या सोयीसाठी असतात, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

आपल्या हाती असलेली व्यवस्था

शासनाने या दिशेने काहीच केले नाही, असे नव्हे. जानेवारी २०१५ मध्ये ‘आपले सरकार’ हे तक्रार निवारण संकेतस्थळ सुरू झाले. त्याच वर्षी २८ एप्रिलपासून महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम अंमलात आला. अधिसूचित सेवेसाठी अर्ज करणाऱ्यास एक विशिष्ट अर्ज क्रमांक मिळतो, त्याद्वारे त्यास आपल्या अर्जाची स्थिती पाहता येते. मुदतीत सेवा न मिळाल्यास त्याच कार्यालयाच्या यंत्रणेत प्रथम व द्वितीय अपील आणि त्यानंतर राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. पुरेशा कारणाविना कसूर करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. केंद्राच्या तक्रार निवारण प्रणालीतील मुदतही ऑगस्ट २०२४ मध्ये २१ दिवसांवर आणण्यात आली.

तथापि या सर्व व्यवस्थांत क्रमांक दिला जातो तो अर्जाला वा तक्रारीला. एकाच माणसाच्या तीन तक्रारी म्हणजे तीन क्रमांक. शिवाय ‘निकाली’ या शब्दाचा अर्थ कार्यालयाच्या लेखी एक आणि अर्जदाराच्या लेखी दुसरा असतो. “आपला अर्ज संबंधित कार्यालयाकडे वर्ग करण्यात आला आहे” असे उत्तर दिले की प्रकरण निकाली निघते. अर्जदाराचे काम मात्र तेथून सुरू होते. केंद्र शासनाने २०२२ मध्ये तक्रारदारास उलट दूरध्वनी करून त्याचे समाधान झाले किंवा कसे हे विचारणारे केंद्र सुरू केले, ते याच कारणाने. व्यापारी प्रणालीत ग्राहकाने होकार दिल्याविना प्रकरण बंद करू नये असा दंडक ठेवता येतो. पंचायत समितीच्या मासिक आढाव्यात निकाली प्रकरणांपैकी पाच-दहा अर्जदारांना दूरध्वनी करण्याची प्रथा पाडली, तरी पुष्कळ काही कळून येईल.

माणसाला क्रमांक देण्याच्या दृष्टीने गेल्या काही काळातील दोन घडामोडी महत्त्वाच्या आहेत. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य करण्यात आला. पूरमदतीच्या वेळी हा क्रमांक असलेल्या शेतकऱ्यांना ई-केवायसीतून सवलतही देण्यात आली. दुसरी घडामोड म्हणजे ‘जिवंत सातबारा’ मोहीम. बुलढाणा जिल्ह्यातून सुरुवात होऊन १ एप्रिल २०२५ पासून ती राज्यभर हाती घेण्यात आली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे हा तिचा उद्देश. संगणकतज्ज्ञ यालाच माहितीचे शुद्धीकरण म्हणतात, आणि कोणतीही प्रणाली बसविण्यापूर्वी तीच पहिली पायरी मानतात. वर कल्पिलेल्या कुटुंबाची वारस नोंद पुरापूर्वी झाली असती, तर त्याची वणवण बव्हंशी टळली असती.

गावपातळीवर काय करता येईल

ग्रामपंचायतीने लगेच एखादी महागडी प्रणाली विकत घ्यावी, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. विहित संकेतस्थळांवरील काम तर करावेच लागते. त्यास पूरक म्हणून संगणकावरील साध्या तक्त्यातही कुटुंबनिहाय खतावणी ठेवता येईल. मात्र काही बाबतीत आरंभापासून दक्षता हवी.

पहिली अडचण नावांची येते. एकच व्यक्ती सातबारावर मराठीत, आधारपत्रावर इंग्रजी स्पेलिंगने आणि बँकेत तिसऱ्याच रीतीने लिहिलेली असते. कोठे वडिलांचे नाव असते, कोठे नसते. कोठे ‘राव’ वा ‘बाई’ जोडलेले असते. म्हणून नावाने शोध न घेता क्रमांकाने घ्यावा, आणि नावाचे सर्व प्रकार त्याच पानावर टिपून ठेवावेत. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर हे अत्यावश्यक आहे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या फाँटांत केलेल्या याद्या छापील कागदावर सुबक दिसतात, पण दुसऱ्या संगणकावर त्यांतील अक्षरे बदलून जातात आणि शोध घेतला तर काही हाती लागत नाही.

दूरध्वनी क्रमांकाचे तसेच आहे. एका घरात एकच मोबाइल, तो बहुधा मुलाच्या नावाचा, आणि मुलगा पुण्यास कामाला. संदेश जातो तो पुण्यास; परंड्याजवळच्या वस्तीवर राहणारी आई अनभिज्ञ राहते. यास्तव क्रमांकापुढे तो कोणाचा आणि ती व्यक्ती कोठे राहते, हे लिहावे. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत ते कोणत्या महिन्यांत गावी नसते, याचीही नोंद असावी. ही माहिती शिक्षकांकडे सर्वांत अचूक मिळते, कारण पटावरील मूल केव्हा गैरहजर होते हे त्यांना ठाऊक असते.

शेऱ्याच्या रकान्यात “कार्यवाही सुरू आहे” असे कधीही लिहू नये. त्यातून वाचणाऱ्यास काहीच बोध होत नाही. “सामाईक खातेदारांपैकी धाकट्या भावाचे संमतीपत्र बाकी, तो २० तारखेस येणार” असे लिहिल्यास कर्मचारी बदलून गेला तरी त्याच्या जागी येणाऱ्यास पुढचे पाऊल कळते. आपल्या कार्यालयांत बदली ही नित्याची बाब आहे, आणि जाणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर गावाची अर्धी स्मृती निघून जाते.

अलीकडे या प्रणालींत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर वाढला आहे. संभाषणाचा सारांश काढणे, उत्तराचा मसुदा तयार करणे ही कामे यंत्र करू लागले आहे. मसुदा म्हणून त्याचा उपयोग करण्यास हरकत नसावी. परंतु अर्जदाराच्या हाती पडणारे उत्तर जबाबदार अधिकाऱ्याने वाचूनच जावे.

माहिती एकत्र आली की तिचा दुरुपयोगही सोपा होतो, हे विसरून चालणार नाही. लाभार्थ्यांच्या याद्या आधार व बँक खाते क्रमांकांसह व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर फिरविण्याची जी सवय काही ठिकाणी जडली आहे, ती फसवणुकीस निमंत्रण देणारी आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायद्याची वाट न पाहताही गावच्या तक्त्यात आधार क्रमांक लिहिण्याचे टाळता येते. कर्मचाऱ्याच्या खासगी ई-मेल खात्यावर हा तक्ता ठेवू नये, आणि जातीविषयी वा आजारपणाविषयी अनावश्यक नोंदी त्यात करू नयेत. आपल्या पानावर काय लिहिले आहे हे पाहण्याचा व ते दुरुस्त करून घेण्याचा अधिकार त्या कुटुंबास असावा.

प्रारंभ नदीकाठच्या गावांपासून करावयाचा झाल्यास एप्रिल व मे हे महिने सोयीचे. ऊसतोडीस गेलेली कुटुंबे तोवर परतलेली असतात आणि शेतीच्या कामाचा ताणही कमी असतो. ग्रामसभेत फक्त कुटुंबप्रमुखांची नावे वाचून दाखवावीत; मयत, स्थलांतरित आणि विभक्त झालेल्यांची नोंद तेथेच घ्यावी. ज्यांच्या वारस नोंदी बाकी आहेत त्यांची स्वतंत्र यादी त्याच दिवशी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यावी. फेरफाराच्या नोटिशीची मुदतच १५ दिवसांची असते, त्यामुळे मे महिन्याच्या मध्यापर्यंत अर्ज दाखल झाले तरच मृग नक्षत्रापूर्वी सातबारा बदलून हाती येऊ शकेल.