मोटारसायकलींचा ताफा आणि गावाचा रस्ता

पणजीहून निघालेला रस्ता डिचोली, साखळी आणि केरी ही गावे मागे टाकून चोर्ला घाट चढतो. चढावर एका बाजूस अंजुणे धरणाचा जलाशय दिसतो व भोवती म्हादई अभयारण्याचे रान पसरलेले असते. घाटमाथ्यावर मलप्रभेचे उगमस्थान असलेले कणकुंबी गाव लागते आणि तेथून जांबोटीमार्गे रस्ता बेळगावास पोहोचतो. हे अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे. परतताना खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड घाट, मोले आणि फोंडा असा मार्ग धरल्यास दीडशे किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांचे दर्शन घडविणारी ही फेरी मोटारसायकलस्वारांना विशेष प्रिय आहे. सुटीच्या दिवशी दहा, वीस, कधी त्याहूनही अधिक मोटारसायकलींचे ताफे या रस्त्यावर दिसतात. गोव्यात २०१३ साली प्रथम भरलेल्या ‘इंडिया बाइक वीक’सारख्या मेळाव्यांमुळे अशा सामूहिक प्रवासाची आवड अधिकच वाढली.

समूहाने केलेल्या प्रवासाचे लाभ उघड आहेत. वाटेत गाडी बिघडली तर मदतीस माणसे असतात, नवख्यास अनुभवी स्वाराकडून शिकता येते, आणि वाटेवरील खाणावळी व चहाची दुकाने यांना गिऱ्हाईक मिळते. परंतु समूहाचे काही धोकेही असतात व ते एकट्याने केलेल्या प्रवासातील धोक्यांहून निराळे असतात. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. या पार्श्वभूमीवर ताफ्याचे शास्त्र स्वारांनी, तसेच ज्यांच्या दारावरून ताफा जातो त्या ग्रामस्थांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

धोका पिछाडीला का असतो?

ताफ्यातील आघाडीचा स्वार सर्वांत मोठी जोखीम पत्करतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ताफ्याचा खरा धोका शेवटच्या चार-पाच गाड्यांकडे असतो. हे पुढील हिशेबावरून स्पष्ट होईल.

वीस मोटारसायकली एकामागून एक, दोन-दोन सेकंदांचे अंतर राखून गावात शिरल्या असे समजावे. पहिली गाडी गावाच्या शेवटच्या गतिरोधकावरून गेल्यानंतर विसावी गाडी तेथे येण्यास ३८ सेकंद लागतात. आघाडीच्या स्वाराने गतिरोधक ओलांडताच वेग ताशी ६० किलोमीटरपर्यंत वाढविला, तर शेवटचा स्वार गावाबाहेर पडेपर्यंत तो सुमारे ६०० मीटर पुढे गेलेला असतो. पिछाडीच्या स्वारास पुढचा रस्ता रिकामा दिसतो, आपण मागे पडलो असे वाटते आणि तो ताफा गाठण्यासाठी वेग ताशी ८० पर्यंत नेतो. अंतर भरून काढण्यास त्याला एक किलोमीटरहून अधिक काळजीपूर्वक नव्हे, तर घाईने धावावे लागते. पुढच्या गावात पुन्हा तेच घडते. आघाडी दिवसभर साठच्या वेगाने चाललेली असते, आणि पिछाडी मात्र कधी वीस तर कधी ऐंशी अशी ओढाताण सोसत असते.

दुसरी बाजू ग्रामस्थांची आहे. रस्त्याकडेला उभा असलेला मुलगा किंवा गुरे घेऊन निघालेला गुराखी दहा-बारा गाड्या गेलेल्या पाहतो. आवाज विरतो, ताफा संपला असे त्यास वाटते आणि तो रस्ता ओलांडू लागतो. नेमक्या त्याच क्षणी मागे राहिलेल्या, घाईत असलेल्या गाड्या तेथे येतात. एकीकडे स्वाराची घाई आणि दुसरीकडे पादचाऱ्याचा गैरसमज एकाच ठिकाणी एकत्र येतात. ताफ्याची सारी शिस्त ही भेट टाळण्यासाठी आहे.

वेग आणि थांबण्याचे अंतर

समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. त्यानंतर गाडी प्रत्यक्ष थांबण्यास आणखी अंतर लागते. कोरड्या डांबरी रस्त्यावर व चांगल्या स्थितीतील ब्रेक असता ही दोन्ही अंतरे मिळून साधारणतः पुढीलप्रमाणे होतात :

ताशी ४० किलोमीटर वेगास सुमारे २३ मीटर,
ताशी ६० किलोमीटर वेगास सुमारे ४५ मीटर,
ताशी ८० किलोमीटर वेगास सुमारे ७२ मीटर.

वेग दुप्पट झाला असता अंतर दुपटीहून बरेच अधिक, जवळजवळ तिप्पट होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रस्ता ओला असल्यास ही अंतरे आणखी वाढतात. पावसाळ्यात घाटमाथ्यावर दाट धुके उतरते. तेव्हा जितके अंतर दिसते त्याच्या आत गाडी थांबविता येईल इतकाच वेग ठेवावा. रस्ता दिसेनासा झाल्यास सुरक्षित जागा पाहून डांबरी रस्त्याच्या पूर्णपणे बाहेर थांबणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

ताफ्याची रचना

वीस गाड्यांचा एकच ताफा करण्याऐवजी पाच-पाच गाड्यांचे चार गट करावेत. याचे कारण रस्त्यावरील इतर वाहनांच्या सोयीत आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने, परस्परांत एका सेकंदाचे अंतर ठेवून चाललेला वीस गाड्यांचा ताफा सुमारे २६० मीटर लांब होतो. ताशी ६० वेगाच्या एस.टी. बसला तो ओलांडण्यासाठी दीड किलोमीटरहून अधिक रस्ता लागेल. घाटात किंवा वळणाच्या रस्त्यावर इतका मोकळा रस्ता मिळत नाही. पाच गाड्यांचा गट मात्र साडेतीनशे मीटरच्या आत ओलांडता येतो. दोन गटांमध्ये बस सहज सामावेल इतके अंतर सोडावे.

रुंद व सरळ रस्त्यावर गाड्या एकाआड एक डाव्या व उजव्या बाजूस चालवाव्यात. थेट समोरच्या गाडीपासून दोन सेकंदांचे आणि तिरप्या रेषेतील गाडीपासून एका सेकंदाचे अंतर असावे. गाव, घाट, अरुंद पूल व वळण येताच सर्वांनी एका ओळीत यावे. जोडीने शेजारी-शेजारी गाडी हाकणे सर्वथा वर्ज्य आहे.

आघाडीस मार्ग जाणणारा व शांत स्वभावाचा स्वार असावा. सर्वांत नवखा किंवा कमी ताकदीची गाडी असलेला स्वार त्याच्या लगेच मागे ठेवावा, म्हणजे संपूर्ण गटाचा वेग आपोआप त्याच्या वेगाशी जुळतो. पिछाडीस सर्वांत अनुभवी स्वार हवा. प्रथमोपचाराची पेटी, पंक्चर काढण्याचे साहित्य व हवा भरण्याचा पंप त्याच्यापाशी असावा. त्याच्या अंगावर दुरून दिसेल असे पिवळे जाकीट असल्यास ताफा संपल्याची खूण ग्रामस्थांनाही पटते.

गावाबाहेर पडल्यावर आघाडीच्या स्वाराने गटाची शेवटची गाडी आरशात दिसेपर्यंत वेग वाढवू नये, हा नियम सर्वांत महत्त्वाचा. पाच गाड्यांच्या गटात यासाठी आठ-दहा सेकंद पुरतात. या आठ-दहा सेकंदांच्या संयमाने पिछाडीची सारी धावाधाव टळते.

घाटातील रानात मोबाइलचा संपर्क हमखास मिळेल असे नाही. यास्तव जेथे वाट फुटते तेथे आघाडीमागच्या स्वाराने थांबावे व पिछाडीचा स्वार येईपर्यंत मार्ग दाखवावा. जांबोटीस एक वाट बेळगावकडे व दुसरी खानापूरकडे जाते. अशा नाक्यावर ही पद्धत विशेष उपयोगी पडते. प्रत्येकास पुढील थांब्याचे ठिकाण ठाऊक असले म्हणजे चुकलेल्यास पाठलाग करण्याचे कारण उरत नाही.

निघण्यापूर्वीची तयारी

चाकांतील हवा, ब्रेक, साखळीचा ताण, इंजिन तेल आणि सर्व दिवे आदल्या दिवशी तपासावेत. ज्या गाडीची टाकी सर्वांत लहान, तिच्या हिशेबाने पेट्रोलचे थांबे ठरवावेत. दर तास-दीड तासाने पाणी व विश्रांती घ्यावी. शिरस्त्राण भारतीय मानक चिन्ह असलेले व हनुवटीखाली पट्टा बांधलेले असावे. पट्टा न बांधलेले शिरस्त्राण अपघातात प्रथम निसटते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ अन्वये ते मागे बसणाऱ्यासही आवश्यक आहे. देशात २०२२ साली शिरस्त्राणाविना मृत्यू पावलेल्या ५०,०२९ जणांमध्ये १४,३३७ जण मागे बसलेले होते, हे या संदर्भात विसरता येणार नाही.

घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. सतत ब्रेक दाबून ठेवल्यास तो तापतो व त्याची पकड कमी होते. अरुंद चढावर वर येणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावी. मद्यप्राशन करून गाडी चालविणे हा गुन्हा आहे, आणि परवान्याविना मद्य राज्याच्या सीमेपलीकडे नेणे हाही गुन्हाच आहे. परवाना, नोंदणी, विमा व प्रदूषण तपासणी यांची प्रमाणपत्रे जवळ असली म्हणजे तपासणी नाक्यावर सर्व सोबत्यांचा खोळंबा होत नाही.

गावाचा पहिला हक्क

प्रवाशांसाठी जो रस्ता सहलीचा, तोच ग्रामस्थांसाठी अंगणाचा विस्तार असतो. सुगीनंतर त्यावर भात व नाचणी वाळत पडते. उसाच्या हंगामात खानापूर, बेळगावच्या बाजूस ट्रॅक्टर व बैलगाड्या त्यावरून संथपणे जातात. सकाळी व सायंकाळी शाळेची मुले त्याच्या कडेने चालतात. शाळा सुटण्याच्या वेळी ताफा गावात येणार नाही अशी वेळ निवडणे संयोजकांस कठीण नाही.

गुराख्याच्या हक्कासंबंधी कायद्यात स्पष्ट तरतूद आहे, ती फारशी कोणास ठाऊक नसते. जनावर बुजून अनावर होईल असे वाटल्यास त्याचा राखणदार वाहनचालकास थांबण्यास सांगू शकतो, आणि कलम १३२ नुसार चालकास थांबावे लागते. गुराख्याने हात वर केल्यावर हॉर्न वाजवीत वाट काढणारा स्वार असभ्य तर असतोच, शिवाय कायदाही मोडीत असतो. शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे कलम १८९ अन्वये गुन्हा आहे. मूळ सायलेन्सर काढून कर्कश आवाज करणारा बसविणेही नियमास धरून नाही.

जेवणासाठी लहान खाणावळीत थांबावयाचे असल्यास आदल्या दिवशी माणसांची संख्या कळवावी. वीस पाने अकस्मात मांडणे कोणाही गृहिणीस अवघड असते. देवळाच्या आवारात गाड्या बाहेर उभ्या कराव्यात व तेथील रीत पाळावी. अभयारण्याच्या हद्दीत माकडांना खाऊ घालू नये, आणि आपला कचरा आपल्यासोबत परत न्यावा.

अपघात घडल्यास

प्रथम मागून येणाऱ्या वाहनांना सावध करावे व ११२ किंवा १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. आग किंवा वाहतुकीचा धोका नसेल तर जखमीस हलवू नये. त्याचे शिरस्त्राण ओढून काढू नये व डोके आणि मान स्थिर धरावी. श्वासास अडथळा होत असेल तरच ते दोघांनी मिळून, मानेस आधार देत काढावे. रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. बेशुद्ध माणसास पाणी पाजू नये.

मदत केल्यास पोलिसांचा ससेमिरा लागेल, या भीतीने अनेक जण दूर राहतात. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १३४-अ नुसार सद्‌हेतूने मदत करणाऱ्यास दिवाणी वा फौजदारी जबाबदारीपासून संरक्षण आहे. त्यास आपले नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. केंद्र शासनाने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार अपघातग्रस्तास नियुक्त रुग्णालयात ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न भरता उपचार मिळण्याची तरतूद आहे. दुखापतीनंतरचा पहिला तास मोलाचा असतो, म्हणून ही माहिती आधीच गावोगावी पोहोचलेली असली पाहिजे.

शाळा व पंचायत यांचे कार्य

शिक्षकांना या विषयाचा पाठ मैदानावर घेता येईल. फक्कीने एक आरंभरेषा आखावी व तेथून २३, ४५ आणि ७२ मीटरवर तीन रेषा आखाव्यात. आरंभरेषेवर गाडीस अडथळा दिसला, तर कोणत्या वेगाची गाडी कोणत्या रेषेवर थांबेल, हे मुलांनी स्वतः पावलांनी मोजून पाहावे. त्याच मुलांना वीस जणांची रांग करून चालावयास लावावे. पुढचा विद्यार्थी वळणावर मंदावून पुन्हा झपझप चालू लागला की मागच्यांना पळावे लागते, हे त्यांना पुस्तकाविना समजेल. ताफ्यातील पहिली गाडी गेली म्हणून रस्ता मोकळा झाला असे मानू नये, हा धडा अशा खेळातून कायमचा मनावर ठसतो.

ग्रामपंचायतींनी गतिरोधकांवर पांढरे पट्टे रंगविले जातील व शाळेजवळ सूचनाफलक राहतील याकडे लक्ष द्यावे. गावाच्या दोन्ही तोंडांस जवळच्या आरोग्य केंद्राचा क्रमांक लिहिलेला असावा. संयोजकांनी ताफ्याचा मार्ग, दिवस व गाड्यांची संख्या वाटेतील पोलीस ठाण्यांस अगोदर कळविल्यास सर्वांचेच काम सुकर होते.

सामूहिक प्रवासाची यशस्विता किती किलोमीटर कापले किंवा किती वेळात कापले यावर मोजू नये. सर्वांत नवखा स्वार न दमता, न घाबरता मुक्कामी पोहोचला आणि ताफा गेलेल्या रस्त्यावरील एकाही माणसास किंवा जनावरास दचकून बाजूस व्हावे लागले नाही, तर तो प्रवास उत्तम झाला असे समजावे. असा ताफा पुन्हा आला तर वाटेवरील गावे त्याचे आनंदाने स्वागत करतील.