ओळखी वाढवणे म्हणजे पुढेपुढे करणे नव्हे

प्रश्न : बोईसरच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत ट्रेनी म्हणून लागून तीन महिने झाले. बाकी सगळे जुने. ‘ओळखी वाढव’ म्हणतात, पण मला पुढेपुढे करणं जमत नाही. काय करू?
– एक वाचिका, सरावली

उत्तर : ते जमत नाही हे चांगलंच आहे, त्याची गरजही नाही. ओळख म्हणजे समोरच्याचं काम ठाऊक असणं. तुमच्याकडे येणारा नमुना प्लँटमधून कोणीतरी पाठवतो. रोज ज्यांची सही पाहता, त्यांना एकदा भेटून विचारा, ‘हा नमुना कुठल्या टप्प्यावर घेता?’ कामाबद्दल मनापासून विचारलेलं जुन्या माणसांना आवडतं. पाळी बदलताना पाच मिनिटं आधी पोहोचा. बरंच तिथेच कळतं.

ओळखी प्रवासातही होतात. डहाणू रोडच्या लोकलने वाणगाव, बोईसर करत रोज सोबत जाणाऱ्या बायकांत इतर कारखान्यांतल्याही भेटतील. तिथे कंपनीचे आकडे आणि कोणाची निंदा मात्र नको. ओळखीच्या नावाखाली कोणी त्रास दिला तर गप्प बसू नका. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती कायद्यानेच असावी लागते.

तीन महिने म्हणजे उशीर नव्हे. या आठवड्यात फक्त एका व्यक्तीशी बोला.