रात्री दोन वाजताची जागा

अगं, तू पाठवलेल्या सगळ्या जागांचे फोटो सावकाश पाहिले. प्रत्येकात तळं आहे, दिव्यांच्या माळा आहेत, तंबूच्या तोंडाशी चहाचे कप आहेत. संडासाचा फोटो मात्र कुणीच दिलेला नाही. नाताळात तू मुलांना आणि सासूबाईंना घेऊन निघणार, म्हणून स्पष्टच सांगते. मुक्कामाची जागा रात्री दोन वाजता कशी असेल, ते बघून ठरव. तेव्हा उठावं लागलं तर किती चालायचं, वाटेवर दिवा आहे का, दाराला आतून कडी लागते का, बादलीत पाणी असेल का, हे फोनवर विचार. तिकडून "मॅडम, सगळी सोय आहे" असं उत्तर आलं तर तेवढ्यावर फोन ठेवू नकोस, व्हॉट्सॲपवर फोटो मागव. सासूबाईंचे गुडघे बघता कमोड हवाच, आणि तोही त्यांच्या तंबूपासून चार पावलांवर.

आपण बायका अशा ठिकाणी काय करतो, तुला ठाऊक आहे. दुपारपासून पाणी तोंडाला लावत नाही, रात्रभर दाबून धरतो आणि घरी आल्यावर जळजळ सुरू झाली की डॉक्टरकडे धावतो. तसं करू नकोस गं. सोय नीट नसेल तर ती जागाच सोडून दे. पाळीची तारीख जवळ असेल तर कागद आणि घट्ट बंद होणारी पिशवी बरोबर ठेव आणि वापरलेलं सगळं डोंबिवलीला परत आण. तिथे पुरलेलं कुत्री उकरून काढतात.

आता जमिनीचं. पाण्याच्या अगदी काठावरचा तंबू फोटोत छान दिसतो, पण गार हवा उतारावरून खाली येऊन खोलगट जागेत साचते. दवही तिथेच जास्त पडतं. काठापासून थोडी वर, सपाट, मुरमाड जागा माग. मुलं लहान आहेत, त्यासाठीही पाणी लांबच बरं. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकलेला दिसला तर तिथे अजिबात राहू नकोस, मग महिना कुठलाही असो. 30 जून 2024 ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. वर कुठेतरी पडलेला पाऊस खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. पावसाळ्यात डोंगराच्या कुशीतला मुक्काम तर नकोच. इरशाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड आली, तेव्हा माणसं आपापल्या घरात झोपलेली होती.

तंबू दुहेरी कापडाचा आहे का, ते विचार. आतलं आणि बाहेरचं कापड एकमेकांना चिकटलं की पहाटे दव आत झिरपतं आणि पांघरुणं भिजतात. मुलांना सांग, आतून कापडाला हात लावायचा नाही. चेन मात्र कायम बंद, अगदी दोन मिनिटं बाहेर पडलात तरी. थंडीत साप कमी फिरतात, पण मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्रीच चावते आणि चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. पहाटे कुणाच्या पोटात दुखू लागलं, पापण्या जड होऊ लागल्या तर ॲसिडिटी समजून सोडा पाजत बसू नका. 108 ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. सर्पदंशावरचं इंजेक्शन जवळ कुठे मिळतं, हे जागेच्या मालकाला आधीच विचारून ठेव. त्याला ते सांगता आलं नाही, तर माझ्या मते तिथे मुलांना नेऊ नये. आणि कितीही थंडी वाजली तरी कोळशाची शेगडी तंबूत नाही म्हणजे नाही. बंद जागेत तिच्यातून निघणाऱ्या, न दिसणाऱ्या विषारी वायूने झोपेतच माणसं जातात.

तो गोल यर्ट तुला फार आवडलेला दिसतोय. मंगोलियातल्या कोरड्या, कडाक्याच्या थंडीसाठी जाड नमद्याचं घर बांधायची ती रीत. आपल्याकडे बहुतेक प्लास्टिकचा गोल घुमट उभा करून तेच नाव देतात, आणि सकाळी नऊलाच उकाड्याने आत बसवत नाही. त्यापेक्षा कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली झोपडी मिळाली तर सासूबाईंसाठी तीच घे. आत खाट मावते आणि खाली वाकून शिरावं लागत नाही.

तुझ्या ह्यांना कॅराव्हॅनचा मोह झालाय, तोही चांगलाच आहे. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, भाड्यानेही मिळतात. फक्त ती उभी कुठे करणार, ते आधी ठरवा. सपाट, कडक जमीन हवी, विजेची जोडणी हवी, आणि संडासाची टाकी रिकामी करायला नीट जागा हवी. ती टाकी ओढ्यात सोडणाऱ्याकडे मी तर पाय ठेवणार नाही. गावातले रस्ते अरुंद असतात, आंब्याच्या फांद्या खाली आलेल्या असतात. शेवटचे दोन किलोमीटर कसे आहेत, ते विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

कुठे जायचं म्हणशील तर या खेपेला भंडारदरा नको. शेंडी, मुरशेतचा तो काठ मलाही मनापासून आवडतो. समोर कळसूबाई, खाली 1926 मध्ये पुरं झालेलं धरण, आणि गावातल्याच घरातून येणारी गरम भाकरी. पण डिसेंबरातली तिथली थंडी सासूबाईंच्या हाडांना सोसायची नाही. तिथे मेअखेरीस जा, काजवे बघायला. कल्याणहून गांधारी पूल ओलांडून पडघ्याकडे निघालात की आमण्याला समृद्धी महामार्ग लागतो. इगतपुरीपर्यंतचा तो टप्पा जून 2025 पासून सुरू झालाय, त्यामुळे कसारा घाट टळतो. येऊरचं तुझ्या मैत्रिणीने सुचवलंय, ते सोडून दे. ते राष्ट्रीय उद्यानाचं, बिबट्याचं जंगल आहे.

आत्ता मुरबाडच्या बाजूला जा. तुम्हाला जवळ पडतं, थंडी बेताची असते आणि रात्री काही झालं तर मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय आणि कल्याण दोन्ही हाताशी आहेत. वैशाखऱ्याच्या आसपास जागा मिळाली तर मुलांना सकाळी नाणेघाटातला नाण्याचा अंगठा हा सुळका दाखव. कल्याण बंदरातला माल सातवाहनांच्या काळात त्याच घाटाने जुन्नरकडे चढायचा. वर लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख आहे. चढण मुलांना जमेल तेवढीच कर, बापाला पुढे पाठव आणि तू सासूबाईंपाशी खाली थांब.

एक राहिलंच. त्या रात्री शेजारी कोण उतरलंय, ते विचार. "फॅमिली वेगळी ठेवतो" म्हणतात, पण वेगळी म्हणजे किती लांब? रात्री दहानंतर स्पीकर लावायला कायद्यानेच बंदी आहे, ते मालक पाळतो का, हे थेट विचार. आणि शक्यतो गावातल्याच माणसाची जागा घे. शहरातून फोनवर बुकिंग घेणारा रात्री तुमच्यापाशी नसतो. गावातला माणूस हाक मारली की बॅटरी घेऊन येतो, आणि त्याच्या घरातली बाई तुझ्या अडचणी न सांगता ओळखते.

उद्या दुपारी जेवणं आटोपली की फोन कर. मालकाशी बोलताना मलाही कॉलवर घे. संडासाचं विचारायला तू लाजशील, मी विचारते.