भागीदारीच्या कागदावरील इंग्रजी शब्द

हिंगणघाटच्या बाजारात आपले दोघे बिरादर मिळून धंदा करतात. बोलणी उर्दू-मराठीत, कागद मात्र इंग्रजीत. दोघांच्या बँक खात्यावर ‘जॉइंटली’ असेल तर प्रत्येक चेकवर दोघांच्या सह्या लागतात. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर एकाची चालते.

आमच्या मते सर्वांत जड शब्द ‘जॉइंटली अँड सेव्हरली’. शाळेत ‘सेव्हरल’ म्हणजे पुष्कळ असे शिकवतात. इथे अर्थ एकेकटा. भागीदार पळाला तर फर्मचे सारे कर्ज तुमच्याकडून वसूल होऊ शकते, मग हिस्सा चार आणेच का असेना! १९३२ च्या भागीदारी कायद्याचे कलम २५ हेच सांगते. ‘स्लीपिंग पार्टनर’ दुकानात बसत नाही, पण कर्जातून तोही सुटत नाही. सही करण्यापूर्वी हा शब्द कागदावर शोधा.