पाऊस थांबल्यावर छत का गळतं?

प्रश्न : आमचा फ्लॅट सोसायटीच्या गच्चीला लागून, सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. पाऊस धो धो पडतो तेव्हा छत कोरडं असतं. उघडीप मिळाली, की दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पंख्याच्या दांडीवरून थेंब टपकू लागतात. मिस्त्रींनी पंख्याच्या बरोबर वर, गच्चीवरची भेग भरून दिली. काही फरक नाही. हे पाणी येतं तरी कुठून?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : सगळ्यात आधी त्या पंख्याचा एमसीबी खाली पाडा आणि छत पूर्ण वाळेपर्यंत तसाच राहू द्या. नुसतं बटण बंद करून भागणार नाही. बाकीचा शोध नंतर.

आता पंख्याचंच का, ते बघू. स्लॅब ओतायच्या आधी सळ्यांच्या जाळीत वायरिंगच्या नळ्या टाकतात आणि त्या पंख्याच्या डबीत आणून सोडतात. स्लॅबच्या कुठल्याही कोपऱ्यात भेगेतून पाणी अशा नळीत शिरलं, की ते आतल्या आत वाहत डबीपर्यंत येतं, कारण बाहेर पडायला वाट तिथेच आहे. म्हणजे पंखा हे गळतीचं तोंड झालं. उगम दुसऱ्या खोलीच्या डोक्यावरही असू शकतो. मिस्त्रींनी ‘बरोबर वरची’ भेग बुजवली, तिचा या पाण्याशी बहुधा काही संबंधच नव्हता.

उशीर होतो तो कोब्यामुळे. आपल्याकडे गच्चीच्या स्लॅबवर विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवून सरासरी चारेक इंचांचा थर देतात आणि पाणी वाहून जावं म्हणून त्याला साधारण शंभरास एक असा उतार काढतात. वरचा गिलावा धड आहे तोवर ठीक. तो फाटला, की विटा स्पंजासारखं पाणी पितात. पाऊस थांबतो, गच्ची वरून वाळते, पण कोब्याच्या पोटात पाणी असतंच. ते स्लॅबवरच्या खोलगट जागा धरत सावकाश सरकतं आणि फट सापडली की खाली उतरतं.

म्हणून मी गळतीची जागा विचारण्याआधी वेळ विचारतो. सर आल्यावर काही मिनिटांत टपकत असेल, तर वाट सरळ आहे. स्लॅबमधून आरपार गेलेल्या पाइपाची कडा बघावी. वारा एकाच बाजूने झोडपतो तेव्हाच ओल येत असेल, तर गच्ची निर्दोष, भिंत दोषी. मार्चमध्येही ओल असेल, तर पावसाला बोल लावू नका, टाकी आणि पाइपलाइन तपासा. तुमचं लक्षण मात्र कोब्यात मुरलेल्या पाण्याचं आहे. टपकण्याच्या जागी पांढरट, दाढीसारखे थर लोंबत असतील तर तोही पुरावाच. सिमेंटमधला चुना विरघळवत पाणी हळूहळू झिरपतं आणि हवा लागली की तो चुना खडूसारखा घट्ट बसतो. अशी दाढी एका पावसात वाढत नाही.

पाणी कोब्यात शिरतं ते बहुतेक वेळा कडेने. काँक्रीट तापलं की पसरतं. दहा मीटर लांबीचा स्लॅब तीस अंशांनी तापला, तर जवळजवळ तीन मिलिमीटर वाढतो. कठड्याची भिंत त्याच मापाने हलत नाही, मग दोघांच्या सांध्यात चीर पडते. त्या सांध्यात जी गोलाई काढतात, जिला मिस्त्री ‘वाटा’ म्हणतात, तिथे आधी बघा. मग पावसाच्या पाइपाचं तोंड, टाकीचे ओटे, सोलर हीटरचे आणि डिश अँटेनाचे बोल्ट. एका बोल्टासाठी पाडलेलं भोक अख्ख्या वॉटरप्रूफिंगवर पाणी फिरवू शकतं. हातोडीच्या दांड्याने कोबा ठोकत जा. जिथे बद्द आवाज येतो, तिथे तो स्लॅबपासून सुटलेला आहे.

खात्री करायची तर कोरड्या दिवसांत गच्चीवर मालाचे बुटके बांध घालून वाफे करा. पाइपाचं तोंड बंद करून एका वेळी एकाच वाफ्यात दोन ते पाच सेंटिमीटर पाणी साठवा. सुरुवात उताराच्या खालच्या टोकाकडून. चोवीस तास थांबायचा प्रघात आहे, पण तुमच्याकडे पाणी उतरायलाच दिवस लागतो. तेव्हा दोन-तीन दिवस थांबल्याशिवाय पुढच्या वाफ्याला हात लावू नका. घाई केलीत, तर पहिल्या वाफ्याचं पाप दुसऱ्याच्या माथी येईल. पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला पन्नास किलो वजन. छताचे ढलपे पडून सळ्या दिसत असतील, तर हा प्रयोग करू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

आतून वॉटरप्रूफ रंग फासू नका. पाणी थांबत नाही, सरकून शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये निघतं. गच्चीवर पत्र्याची शेड हा हल्लीचा लाडका उपाय. तिला आधी पालिकेची परवानगी लागेल का ते विचारा, आणि कठड्याच्या बाहेरून शिरणारं पाणी तिने अडेलच असं नाही.

राहिला खर्च. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. म्हणून वाफे घालण्याआधी समितीला लेखी कळवा, आणि कुठल्या वाफ्यात पाणी कधी भरलं, खाली थेंब कधी आला, हे तारखेसह फोटो काढून ठेवा.