कोरल विकलं, पण टिकलं का? पहिल्या ३० दिवसांचं गणित



अ‍ॅक्वेरियम सर्व्हिसच्या व्हिडिओत आकडे भरभर सांगून झाले. ते नीट लिहून घेता यावेत म्हणून हा धडा. गोड्या पाण्याच्या टाक्या सांभाळणारे पुढची पायरी म्हणून मरीन टँककडे वळतात आणि कोरलपाशी अडकतात. कारण कोरल हळूहळू खचत असतं, आणि ग्राहकाचा फोन येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आधी हिशोब करू. समजा, तुम्ही ५ कोरल प्रत्येकी १,५०० रुपयांना घेतलीत आणि २,५०० ला विकलीत. हातात राहिले ५,०००. त्यातली २ मेली आणि ग्राहक तुटू नये म्हणून तुम्ही बदलून दिलीत, तर ३,००० गेले. उरलेल्या २,००० मधून पेट्रोल आणि फेऱ्या वजा करा. काय उरलं? म्हणून सांगतो, कोरलची विक्री बिल फाडल्यावर पूर्ण होत नाही. ३० व्या दिवशी ते फुललेलं दिसलं की पूर्ण होते.

१. विकण्याआधी कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये सगळी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे येतात. मालवणच्या समुद्रातून काढलेला तुकडा, अगदी मेलेला असला तरी, विकायचा नाही. तो गुन्हा आहे. सुरुवात झोअँथिड, मशरूम, लेदर अशा मऊ कोरलपासून करा. तीही जीएसटी बिल आणि आयातीची कागदपत्रं दाखवणाऱ्याकडूनच घ्या. "माल बाहेरचा आहे" हे तोंडी उत्तर चालत नाही. शंका असेल तर खरेदीआधी वन विभागाच्या कार्यालयात विचारा.

२. टाकी तयार आहे का?

ग्राहक घाई करतो, आपण करायची नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत टाकीत कोरल नको. नवी टाकी असेल तर दोन-तीन महिने थांबायला सांगा. मग हे आकडे तपासा:

- खारेपण: ३५ पीपीटी
- तापमान: २४ ते २६ अंश
- अल्कलिनिटी: ८ ते ९ डीकेएच
- कॅल्शियम: ४०० ते ४५० पीपीएम
- नायट्रेट: २ ते १० पीपीएम

पाणी आरओ-डीआयचंच हवं, टीडीएस शून्य. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी पिण्यासाठी चांगलं, पण त्यात क्षार राहिलेले असतात.

३. पहिला दिवस

पिशवी १५-२० मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग अर्ध्या तासात थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला. त्यानंतर वेगळ्या बादलीत टाकीचंच पाणी घेऊन त्यात कोरल डिप द्या. वेळ बाटलीवर लिहिलेली असेल तेवढीच. त्यात चपटे किडे, गोगलगायी सुटून येतात. पिशवीचं आणि डिपचं पाणी टाकीत ओतू नका.

हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय झोअँथिडला हात लावायचा नाही. काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. त्यांचा दगड गरम पाण्याने धुऊ नका, उकळू तर मुळीच नका, कारण वाफेतूनही विषबाधा होते. तुमच्या मदतनिसाला आणि ग्राहकाला हे पहिल्याच दिवशी सांगा.

४. पुढचे ३० दिवस

कोरलच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. उजेड किंवा उष्णता एकदम वाढली की कोरल हे शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. म्हणून नवीन कोरल तळाशी ठेवा, लाइट निम्म्यावर आणा आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. वेव्हमेकरचा झोत थेट अंगावर नको. पहिले दोन-चार दिवस ते मिटलेलं राहिलं तरी घाबरू नका आणि रोज जागा बदलू नका.

सगळ्यात जास्त गडबड होते ती पाणी भरताना. १०० लिटरच्या टाकीतून ३ लिटर पाणी उडालं, तरी मीठ आतच राहतं. ३५ चं खारेपण ३६ च्या वर जातं. अशा वेळी ग्राहक खारं पाणी ओतत राहिला तर ते आणखी वाढतं. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओ-डीआयचं पाणीच भरायचं. खारं पाणी फक्त दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलताना.

५. उन्हाळा आणि लाइट जाणं

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे खोलीच ३२ अंशांच्या वर जाते. पंख्याने टाकी दोन-तीन अंश उतरते, पुढे चिलर लागतो. हा खर्च विक्रीआधी सांगा. नंतर सांगितला तर ग्राहकाला फसवल्यासारखं वाटतं. लाइट गेली तर प्रकाशाविना एक दिवस निघेल, पण पाणी हलतं ठेवावंच लागेल. बॅटरीवर चालणारा एअर पंप प्रत्येक ग्राहकाकडे हवाच.

धंद्यात काय बदलाल?

नुसतं कोरल विकू नका. "कोरल आणि ३० दिवसांची देखभाल" असं पॅकेज करा. १, ७, १५ आणि ३० व्या दिवशी भेट, प्रत्येक भेटीत पाच आकडे आणि एक फोटो. भेटींचा खर्च किमतीत आधीच धरा. बदलून देण्याची अट लेखी ठेवा: आकडे ठरलेल्या मर्यादेत असतील तरच. महिन्याभराने ग्राहकाला आकड्यांची सवय लागते आणि मासिक सर्व्हिसचं बोलणं सोपं होतं.

गृहपाठ: वहीचं एक पान घ्या. चार तारखा, पाच आकडे आणि फोटोची जागा, असा तक्ता आखा. तो तक्ता हातात असल्याशिवाय पहिलं कोरल विकू नका.

चला, कामाला लागा!